रशियात राहिलेला कास्पर

आमच्या गावात भर रस्त्यात उभं राहून कुणी "डेखांट!" अशी हाक मारली, तर निम्मं गाव मागे वळून बघतं. "योहानेस डेखांट!" म्हटलं तरी सहा-सात जण ओ देतात. आमचे वाडवडील १८७८ साली रशियातल्या व्होल्गाकाठच्या एकाच जर्मन खेड्यातून इथे अर्जेंटिनात आले. येताना आडनावं आणली मोजून पाच आणि मुलांना ठेवायची नावं फार तर दहा. त्यामुळे घराण्यांना टोपणनावं पडली. ढेरपोटे डेखांट, मधवाले डेखांट, सशाचे डेखांट. माझी वहिनी आमालिया माहेरची सशाची. हे नाव कशावरून पडलं, ते तिला विचारू नये. विचारलंत तर तुमची दुपार गेली म्हणून समजा.

वहिनीने एकतीस वर्षं अंड्यांच्या कारखान्यात प्रतवारीचं काम केलं. अंडं दिव्यासमोर धरायचं, आत काय आहे ते बघायचं, पुढे सरकवायचं. निवृत्त झाली त्याच वर्षी माझा भाऊ गेला. घरात रिकामी बसली असती तर ती भिंतींशी बोलायला लागली असती, पण तिने त्याऐवजी मेलेल्यांशी बोलायला सुरुवात केली. सगळ्या गावाच्या वंशावळी ती एका जाडजूड वहीत उतरवायला लागली. तिला गाडी चालवता येत नाही आणि मला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे माझी जुनी पिकअप पाच वर्षं स्मशानं आणि चर्चच्या कचेऱ्या पालथ्या घालत होती. मी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस. कुणाचा पणजोबा कुणाच्या पणजीचा मावसभाऊ होता, याच्याशी मला काय देणंघेणं! पण खरं सांगायचं तर सहा महिन्यांत मलाही चटक लागली. परत येताना मीच विचारायचो, "मग वहिनी, त्या म्हाताऱ्याने तिसरं लग्न केलं की नाही?"

या वहीत वहिनीचा एक नियम होता, आणि तो आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचं. म्हणजे एका आईबापांच्या पोटी एकाच नावाची दोन मुलं दिसली, तर पहिलं गेलं. मृत्यूची नोंद सापडो न सापडो, वहिनी पहिल्याच्या नावापुढे पेन्सिलीने क्रूस काढायची. तिच्या वहीत असे अकरा क्रूस होते. त्यातला पहिला तिच्याच घरातला.

तिचे आजोबा कास्पर १८८४ साली इथे जन्मले. त्यांच्याआधी आणखी एक कास्पर होता, तिकडे रशियात जन्मलेला. तो पाच वर्षांचा असताना जहाजावर वारला आणि त्याला समुद्रात सोडला, हे सशाच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. त्याला थडगं नाही, म्हणून दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, त्याच्या आईच्या म्हणजे पणजी बार्बाराच्या थडग्यापाशी त्याच्या नावाची मेणबत्ती लावत. लग्न होऊन आली तरी वहिनीने ती कधी चुकवली नाही.

गेल्या मार्चमध्ये तिला जर्मनीतून एक निरोप आला. लिहिणारी बाई लिडिया, साठीची. जन्म कझाकस्तानातला, तीस वर्षांपूर्वी आईला घेऊन जर्मनीत गेलेली. तिने लिहिलं होतं, "माझे पणजोबा कास्पर डेखांट. वडील योहानेस, आई बार्बारा. आईवडील अर्जेंटिनाला निघाले त्या दिवशी पणजोबांच्या अंगभर गोवर फुटला होता, म्हणून त्यांच्या आजीने त्यांना ठेवून घेतलं. पुढच्या तुकडीबरोबर पाठवते म्हणाली, पण मग तिने पाठवलं नाही. तुम्ही त्यांच्यापैकी कुणी आहात का?"

वहिनीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"भावजी, ही बाई कुठल्या तरी दुसऱ्याच डेखांटांची आहे. आमचा कास्पर समुद्रात गेला."

"लिहा मग तसं."

तिने तसं लिहिलं. जरा फटकळपणेच लिहिलं. चार दिवसांनी उत्तरात एका कागदाचा फोटो आला. रशियातल्या दफ्तरखान्यातली १८९५ सालची लग्नाची नोंद. वर कास्पर डेखांट, वय बावीस, वडील अर्जेंटिनास गेलेले योहानेस, आई बार्बारा, माहेरची फिंक. वहिनीच्या पणजीचं माहेर फिंकच. वहिनीने तो फोटो खिडकीच्या उजेडाला धरला, कारखान्यात अंडं धरायची तसाच. मग माझ्यासमोर ठेवायचा माते चहाचा, म्हणजे आमच्या कडू पानांच्या काढ्याचा, पेला ती स्वतःच पिऊन बसली.

लिडियाने खाली लिहिलं होतं, "माझी आई रोझिना अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. ती आठ वर्षांची होईपर्यंत आजोबांपाशीच वाढली. ते म्हणायचे, मी गाडीत चढवायचं राहून गेलेलं गाठोडं. आईला जमीनजुमला, कागद, काहीही नको. तिला एवढंच विचारायचंय, की आजोबांच्या आईवडिलांनी नंतर कधी त्यांची आठवण काढली का. डॉक्टरांनी आम्हाला फार दिवस दिलेले नाहीत."

 

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या आत्याकडे गेलो. आपोलोनिया आत्या त्र्याण्णव वर्षांची आहे, दुसऱ्या कास्परची शेंडेफळ. राग नाकाच्या शेंड्यावर. आम्ही गेलो तेव्हा क्रेपेल, म्हणजे आमच्याकडच्या गोड पुऱ्या, तळत होती. वहिनीने सगळं सांगितलं आणि फोटो पुढे केला. आत्याने तो बघितलासुद्धा नाही.

"म्हणजे माझ्या बापाला जित्या माणसाचं नाव दिलं? कुणी कुणाला जित्याचं उष्टं नाव देतं का गं? तो मेलेलाच होता. आपल्याकडे काय रीत आहे, तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे गं आत्या. त्या रितीवरच तर मी वही लिहिली."

"मग? कुठल्या तरी परक्या बाईचं ऐकून माझ्या आजीला खोटी पाडतेस? पोटचं पोर टाकून आली म्हणतेस? बाप्तिस्म्याला आजी कुठे होती? बाळंतीण घरातच असते. बाप आणि धर्मपिता पोर घेऊन गेले आणि कास्पर नाव ठेवून आले. त्यात तिचा काय दोष?"

वहिनीच्या हातातलं क्रेपेल हातातच राहिलं. "तिला ते नाव नको होतं का?"

"मला काय माहीत! मी जन्मायच्या आधीच ती गेली. आई सांगायची, सासूबाईंनी माझ्या बापाला जन्मात कास्पर म्हणून हाक मारली नाही. धाकट्या, म्हणायची. पोराला स्वतःची पोरं झाली तरी धाकट्याच." आत्याने झारा कढईवर आपटला. "आणि ती मेणबत्ती! तिचं तर डोकंच फिरलेलं. आईने नवी सून म्हणून हौसेने लावली, तर भर स्मशानात फुंकून टाकली म्हातारीने. चारचौघांत! ती मेल्यावरच आईला लावता आली."

मी वहिनीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जी चमक आली होती, ती आली की आपलं पेट्रोल संपलं म्हणून मी समजतो.

गाडीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "भावजी, आई स्वतःच्या मेलेल्या पोराची मेणबत्ती कशाला विझवेल?"

"पोर मेलेलंच नसेल तर."

"हे आपण म्हणतो. रोझिनाला हे सांगितलं तर ती म्हणेल, माझ्या समाधानासाठी बोलताय. मला लिहिलेलं पाहिजे." मग ती बोटांवर मोजायला लागली. "जन्माच्या वह्या बघितल्या. लग्नाच्या बघितल्या, मृत्यूच्या बघितल्या. आपल्या चर्चमधलं काय बघितलं नाही आपण?"

मला काय कळणार? मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, फक्त ख्रिसमसला जातो, तेही जेवण चांगलं असतं म्हणून. पण गाडी वळवली.

आमचे फादर आन्सेल्मो तरुण आहेत, परप्रांतातले. आमच्या जुन्या वह्यांतलं जर्मन वळण त्यांना वाचता येत नाही, म्हणून ते वहिनीला जरा भिऊनच असतात. ते म्हणाले, "बाई, आता फक्त मिस्साच्या मागण्यांच्या वह्या उरल्यात. कुणी कुणासाठी मिस्सा सांगितली, एवढंच त्यात. त्या कधी कुणी मागितल्या नाहीत." माळ्यावरून त्यांनी दोन वह्या काढून दिल्या. उंदरांनी कडा खाल्ल्या होत्या. पहिली १८८९ साली सुरू होत होती, म्हणजे गावाला स्वतःचा पाद्री मिळाला तेव्हा.

त्या वह्यांत एक गोष्ट सोपी होती. मिस्सा मेलेल्यासाठी असेल तर नावाआधी क्रूस. जिवंत माणसासाठी असेल, कुणी आजारी, कुणी प्रवासात, तर नुसतं नाव. वहिनी बोट ठेवून ओळीओळीने खाली येत होती. पहिल्या पानावर पाच ओळी क्रूसवाल्या. मग बोट थांबलं.

सहा जानेवारी, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा दिवस. त्यातल्या एका राजाचं नाव कास्पर, म्हणून कास्पर नावाच्या प्रत्येकाचा हा नामदिन. "बार्बारा डेखांटच्या मागणीवरून, तिचा मुलगा कास्पर याच्यासाठी, जो रशियात आहे." आधी क्रूस नाही.

फादरनी मला विचारलं, "बाईंना बरं वाटत नाहीये का?" मी म्हणालो, "यांना आजच्याइतकं बरं कधीच वाटलं नसेल." पण तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण एक हात पान उलटत होता आणि दुसरा पुढच्या जानेवारीवर जाऊन बसला होता. १८९०, तीच ओळ. १८९१, तीच. पाद्री बदलले, शाई बदलली, अक्षर बदललं. ओळ बदलली नाही. १९१९ च्या सप्टेंबरात पणजी गेली. १९२० च्या जानेवारीत सुनेच्या नावाने मागणी आली, आणि त्या ओळीत कास्परच्या आधी पहिल्यांदा क्रूस होता. सुनेने रितीवरून जे खरं मानलं ते लिहून घेतलं. वहिनीनेही शंभर वर्षांनी तेच केलं होतं.

"मी रबराने खोडीन घरी गेल्यावर," ती म्हणाली. "आणि बाकीचे दहा पुन्हा तपासायला लागतील, भावजी."

"माझ्या गाडीने?"

"मग काय बैलगाडीने?"

जर्मनीला फोन करायचा म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चर्चच्या कचेरीतच बसलो. वह्या बाहेर न्यायला फादरनी नकार दिला होता. आत्यालाही मी उचलून आणलं होतं. आणलं म्हणजे तिनेच आणायला लावलं, "मी खोटं पकडायला येते" म्हणून. पलीकडे फोन लिडियाने उचलला. तिने फोन आईच्या हातात दिला. पलीकडून एक बारीक, करकरीत आवाज आला, आणि बोली आमचीच, गावातली, ती आजोबा-पणजोबांची. दीडशे वर्षं आणि अर्धं जग मधे असून तीच.

"तू सशाची का गं?" रोझिनाने विचारलं.

"सशाचीच."

"मी पण. आजोबा सांगायचे, आम्ही सशाचे. मला नीट ऐकू येत नाही. मोठ्याने बोल."

वहिनी मोठ्याने बोलायला लागली. सुरुवातीला लिडियाने काय काय विचारलं होतं ते सांगायचा प्रयत्न केला, पण ते काही पलीकडे पोचेना. शेवटी तिने वही पुढ्यात ओढली आणि सरळ ओरडून वाचायला सुरुवात केली.

"अठराशे एकोणनव्वद! सहा जानेवारी! बार्बाराच्या मागणीवरून! तिचा मुलगा कास्पर! जो रशियात आहे!"

"काय म्हणालीस?"

पुन्हा वाचलं. मग नव्वद. मग एक्क्याण्णव. दरवाजात फादर, त्यांच्यामागे झाडलोट करणारी बाई, तिच्यामागे मधवाल्यांची दोन माणसं येऊन उभी राहिली, आज एवढ्या सकाळी आमालिया चर्चमध्ये कुणाशी भांडतेय ते बघायला. कुणी हसलं नाही. आत्या गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती आणि प्रत्येक सालाला मान हलवत होती.

"थांब," रोझिना म्हणाली. "दुष्काळाचं साल कुठलं गं? एक्क्याण्णवला पिकं गेली. त्या हिवाळ्यात आजोबांची आजी गेली. आजोबा एकटे. घरावरचं गवत काढून गाईला घातलं, मग गाय गेली. सारखं सांगायचे, त्या वर्षी मला विचारणारं पृथ्वीवर कुणी नव्हतं. त्या साली लिहिलंय का तिने?"

वहिनीने पान उलटलं. बोट ठेवलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. मला वाटलं नाही सापडलं. 

"अठराशे ब्याण्णव," ती म्हणाली. आता ओरडणं तिला जमत नव्हतं, म्हणून आत्याने तिच्या हातातून फोन घेतला, वही स्वतःच्या डोळ्यांशी नेली आणि त्र्याण्णव वर्षांच्या छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली,

"त्या साली दर महिन्याला आहे! दर महिन्याला! जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, सगळे! जो रशियात आहे, जो रशियात आहे!"

  मग रोझिनाचा आवाज आला, इतका हळू की आत्याला फोन माझ्या कानाला लावावा लागला.

ती म्हणाली, "हे आजोबांना कुणीतरी कळवायला हवं होतं."