वधूपिता, जरा पुसट

माझ्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी सोडून सगळे स्पष्ट दिसतात.

जावई स्पष्ट. व्याही स्पष्ट. मंडपातला पंखासुद्धा इतका स्पष्ट, की जाळीवरची धूळ दिसते. आणि वधूपिता? जणू कोणी ओल्या बोटानं पुसलेला! पल्लवीसोबत माझा एकच फोटो निघाला, पाठवणीआधीचा. त्यातही मी तसाच.

कारण मला लगेच समजलं. मी पांढुर्ण्याचा संत्र्याचा व्यापारी, हातगाडीवरून वर आलेला. सौंसरच्या धोटे फोटोग्राफरला मी भावात पार पिळलं होतं. त्यानं सूड घेतला! (अर्धे पैसे, अर्धा चेहरा. व्यापारी म्हणून मला ते पटलंही.)

"आता फोटोपायी भांडाले सौंसरले जाता काय?" बायको म्हणाली.

गेलो, अल्बम काखेत मारून.

"तुनं मले मुद्दाम पुसट काढलं!"

धोटेनं शांतपणे कॅमेरा माझ्या हातात दिला. "भाऊ, बटन अर्धंच दाबा."

दाबलं. आत काहीतरी कुरकुरलं, 'पीक' वाजलं, हिरवा चौकोन उमटला.

"भिंगाच्या दोन बाजूंनी आलेला उजेड कॅमेरा ताडून पाहते. दोन्ही चित्रं जुळेपरेंत भिंग सरकवते. जुळले का अंतर पक्कं. मंग बटन पूरं दाबाचं. तेवढ्यात समोरचा माणूस दोन पावलं पुढं आला, का तो पुसट."

"मंग मी काय पुढं येऊन राहिलो होतो?"

"पाहा नं."

पाहिलं. एका फोटोत माझं बोट आचाऱ्यावर रोखलेलं. दुसऱ्यात तोंड उघडं, समोर मंडपवाला. प्रत्येक फोटोत मी कुणाच्या तरी अंगावर धावून चाललेला!

"धावत्या माणसासाठी येगळी सेटिंग असते," धोटे म्हणाला, "पण फोटोले उभा केलेला बाप असा धावत सुटन, हे मले काय मालूम?"

मग पल्लवीसोबतचा फोटो निघाला. त्यात मी बँडवाल्याकडे झेपावलोय (ठरल्यापेक्षा दोन वाजवणारे कमी आले होते; राग अजून आहे). पल्लवी जागची हललेली नाही. मेंदीची रेघन् रेघ दिसते. आणि तिच्या मुठीत माझ्या बंडीचं टोक आहे.

"बाबा, एक मिनिट थांबा नं," ती म्हणाली होती. मला ऐकूही आलं होतं. "आलोच," म्हणालो होतो. बँडवाल्याला नमवून परत आलो, तेव्हा ती गाडीत बसली होती.

मी स्टुलावर बसलो. फोटोतल्या त्या मुठीवरून बोट फिरवत राहिलो. (धोटेनं घाबरून पाणी आणलं.)

"पल्लवी पोळ्याले येऊन राहिली," शेवटी म्हणालो. "आमचा दोघांचा एक काढून दे."

"फुकट काढतो, भाऊ. फक्त दोन सेकंद चूप उभं राहाचं."

"दोन?" माझ्या तोंडून निघून गेलं. "एकात जमव!"