आतोबा आणि तिरकी पालखी

आमच्या आतोबांना, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांना, या जगात तिरकेपणा तेवढा सहन होत नाही. महाडच्या बाजारात चहाला बसले, की आधी टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारणार, मग भिंतीवरची तसबीर सरळ करणार आणि शेवटी चहा गार झाला म्हणून हॉटेलवाल्याशीच भांडणार. खिशात पाण्याने भरलेली औषधाची चपटी बाटली असते. ती आडवी ठेवायची आणि बुडबुडा मध्यावर येतो का बघायचं! पोलादपूरच्या घाटात त्यांनी ती एसटीच्या बॉनेटवर ठेवली, तेव्हा ड्रायव्हर ओरडला, "बाबा, घाट हाय ह्यो, कॅरमबोर्ड नाय!"

या वेडाचं मूळ पालखीत आहे. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. शिमग्याला देवाची पालखी घरोघर जाते आणि खांदेकरी निवडायचा मान आतोबांचा. चौघे एका मापाचे हवेत, नाहीतर देव कलंडतो. पण वाडीतली पोरं मुंबईला. त्यांचा एकुलता एक दिनेश दहावीनंतर मामाकडे गेला, तिथेच फिटर झाला आणि सुट्टी मिळत नाही म्हणून गावाला येईनासा झाला. गेल्या शिमग्याला चार म्हाताऱ्यांनी पालखी उचलली आणि दोन घरांतच टेकवली. आतोबा वर्षभर खांद्यांच्या नावाने करवादत होते. दिनेशबद्दल चकार शब्द नाही.

तेवढ्यात महाडच्या एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्याने दुसरी शेड बांधायला काढली. भरती होणार म्हटल्यावर आतोबा रोज पहिल्या एसटीने हजर! कारखान्यासमोरच्या माझ्या दुकानात छत्री टाकायची आणि शेडच्या प्रत्येक कट्ट्यावर बाटली ठेवत हिंडायचं. "शेड वाकडी तर पार्ट वाकडे. मग माल परत. मग पोरांना ठेवतील कशाला?" वॉचमनने आधी हाकललं, पुढे कंटाळून खुर्ची दिली.

भरतीला त्यांनी वाडीची तीन पोरं मुंबईहून बोलावून रांगेत उभी केली. साहेबांनी शिक्षण विचारलं.

"आधी खांदं बघा, सायेब. तिघं एका मापाचे. चौथा पण ह्याच मापाचा, मुंबईला हाय. त्याची जागा ठेवा."

साहेब हसून हसून बेजार. पण तिघांचं आयटीआय झालेलं होतं, तिघेही लागले. चौथ्याने अर्ज करावा म्हणाले. फोन मात्र आतोबांनी मला लावायला लावला.

"बाबांना मी हवाय की खांदा?" दिनेशने विचारलं.

मी आतोबांकडे पाहिलं. ते माझ्या दुकानातलं कॅलेंडर सरळ करत होते, आणि ते मुळात सरळच होतं.

"तूच ये आणि विचार," मी म्हणालो.

तो आला, नोकरीला चिकटला आणि आठवड्यातच शिमगा आला. शिफ्टची अदलाबदल करून चौघे वाडीत पोचले. पालखी उचलली मात्र, एक कोपरा टुणकन वर! आल्यापासून आतोबांच्या बसक्या घरात वाकूनच वावरणारा दिनेश बाकीच्यांपेक्षा चांगला डोकंभर उंच निघाला.

"तिरकी झाली रे! काढा बाटली!" लोक ओरडले.

आतोबांचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"चालू दे रे," ते म्हणाले.

पालखी कलंडत, सावरत पुढे निघाली. आतोबा त्या वर गेलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मग माझा दंड धरून हळूच म्हणाले, "एवढा कधी वाढला रे ह्यो?"