निबंधावर काही विचारा

"बघा, युनिफॉर्मवरच आली आहे बिचारी," मॅडम माइकवर म्हणाल्या आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

मी व्यासपीठाच्या पायरीशी उभी. निळा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव. मॅडम म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाईड. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता. "परिसंवादाला शिफ्ट सुटली की तशीच ये, कपडे बदलायला थांबू नकोस." मला वाटलं, किती समजून घेतात. चाकणहून विद्यापीठात पोचायचं तर ट्रॅफिकमध्ये जीव जातो. टाळ्या पडल्या तेव्हा कळलं, मला दाखवायला बोलावलं होतं.

"ही गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत काम करते. ती आपल्याला तिचे अनुभव सांगेल. त्यावरचं चिंतन नंतर आपल्या विभागातले सर मांडतील."

अनुभव मी सांगायचे. विचार सरांनी करायचा. आणि माझ्या हातात निबंध होता, सुट्टीच्या दिवशी बसून लिहिलेला.

माझा विषय अभाव. फळीवर डबा नाही, हे आपल्याला दिसतं, की आपण तसा अंदाज करतो? जे नाहीच ते डोळ्यांना दिसेल कसं? आपल्याकडच्या जुन्या तार्किकांनी यावर शेकडो वर्षं भांडण केलं आहे. मला त्या भांडणात उतरायचं होतं. माझ्या घराण्याला त्या पोथ्यांना कुणी हात लावू दिला नव्हता. मी लावला.

पण बोलायचं कुणाशी? लाइनवरच्या मुली "काय गं फिलॉसॉफर" म्हणून चिडवतात. त्यात वाईट काही नसतं, पण पुढे बोलणंही होत नाही. चिखलीच्या खोलीत आई विचारते, "काय लिहायलीस गं एवढं?" मी सांगायला लागते, तोवर तिचा कुकर होतो. आणि विभागात सगळे कंपनीबद्दलच विचारतात. मॅडम तर पहिल्या भेटीतच म्हणाल्या होत्या, "तू तुमच्या लोकांवर का लिहीत नाहीस? ते तुझ्या हक्काचं आहे." माझं आडनाव वाचलं की माझा विषय सगळ्यांना आधीच ठाऊक असतो.

मी माइक धरला. "अनुभव सांगायला आले नाही. निबंध वाचते."

वाचला, पूर्ण. मागच्या रांगा चहाला उठल्या. मॅडम मोबाइल बघत बसल्या. संपल्यावर पुढच्या रांगेतले एक प्राध्यापक अगदी आपुलकीनं म्हणाले, "तिकडे बायकांना बाथरूमला तरी जाऊ देतात का हो?"

एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माझं वाक्य एकालाही ऐकू गेलं नव्हतं.

"निबंधावर काही विचारा," मी म्हणाले.

कुणी विचारलं नाही. मीही खाली बसले नाही. तशीच उभी राहिले, शेवटी मॅडमनी माइक काढून घेईपर्यंत.

पुढच्या आठवड्यात त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "विषय बदल, नाहीतर दुसरा गाईड बघ." दुसऱ्यांकडे गेले, त्यांच्याकडे जागा नव्हती. आज मला गाईड नाही. ज्याच्यापुढे एक पान वाचून दाखवावं असं माणूस नाही. परतीच्या बसमध्ये रडू येतं, खोटं कशाला बोलू.

पण विषय बदलणार नाही. गाईड मिळेपर्यंत लिहीन, मिळाला नाही तरी लिहीन. मला हाच विषय का सुचला, लहानपणी आमच्या घरात काय काय नव्हतं, हे ऐकायला पुष्कळ जण कान टवकारून बसलेत. ते मी सांगणार नाही. अनुभव म्हणून सांगितली ती एवढी एकच गोष्ट, आणि ही शेवटची. यापुढे माझ्याकडून युक्तिवाद मिळेल. खोडून काढता आला तर काढा.