कोतवालाचं डफडं

मेडशीजवळच्या आमच्या गावचा कोतवाल बोलता बोलता खिसा चाचपायचा. मोबाईल खरंच वाजला की नुसता भास झाला, हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं होतं. "जेवून राह्यलो तरी मेसेज. काहून पायला नाही, म्हणून पुन्हा दुसरा," म्हणायचा.

परवा सकाळी त्याने माळ्यावरचं जुनं डफडं काढलं आणि गावभर दवंडी दिली. "ऐका हो! कोतवालानं सारे ग्रुप सोडले. ज्याले काम असन त्यानं घरी यावं, चहा भेटन." तलाठी कार्यालयासमोर तो जरा जास्तच वेळ वाजवत उभा राहिला.

आतून तलाठीसाहेबांनी गावाच्या ग्रुपवर विचारलं, "दवंडी कशाची आहे?"

आम्ही सगळ्यांनी वाचलं. उत्तर कोणीच दिलं नाही. साहेबांना उत्तर देणारा तो एकटाच होता.