भिंतीवरची पाण्याची खूण

आज जे. पी. नगरच्या माझ्या घरात फिनेलचा वास आला आणि मी मनानं पुन्हा सरोजाक्कांच्या शिवणकामाच्या दुकानात अडकलो. काही वर्षांपूर्वी पूर ओसरल्यावर सरकारी मदतीसाठी पंचनामा करायला मी तिथे गेलो, तेव्हा त्यांनी भिंती फिनेलनं घासून लख्ख केल्या होत्या.

“अक्का, पाण्याची खूण कुठाय?”

“चिखलात बसून तुमची वाट बघायची होती का, अण्णा?” त्या हसल्या.

कोपऱ्यातली गंजलेली मशीनं दिसत असूनही मी ‘नुकसान आढळले नाही’ असं लिहिलं. चिखल तसाच ठेवलेल्या शेजाऱ्यांना मदत मिळाली, त्यांची दुकानं पुन्हा सुरू झाली. अक्कांचं कायमचं बंद पडलं.

नियमच तसा होता, असं मी आजवर सांगत आलो. खरं म्हणजे खूण नसली तर शेजाऱ्यांची साक्ष चालत होती. त्यासाठी अर्धा तास थांबावं लागलं असतं, आणि मला जेवायला घरी जायचं होतं.