बाटलीवर वीस, पॉडमध्ये शून्य

दारातून आत येणारा माणूस दिवसाला किती ओढतो, हे लोरेन कथबर्टला त्याच्या चालण्यावरून कळायचं. इंग्लंडातल्या ग्रिम्सबीच्या बाजारातल्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या दुकानात ती अकरा वर्षं उभी होती. उभी म्हणजे खरोखरच उभी. मालकाने एकदा मोठ्या मनाने स्टूल आणून दिलं होतं, पण त्यावर बसलं की गल्ल्यापर्यंत हातच पोचायचा नाही. त्याआधीची बावीस वर्षं मासळीच्या कारखान्यात गेली, तीही उभ्यानेच. आता एकसष्टाव्या वर्षी संध्याकाळी बूट काढताना तिला वाटायचं, पाय काढून ठेवता आले असते तर तेही दाराशीच ठेवले असते.

त्या मंगळवारी सकाळी क्लिंट आला. ट्रक चालवणारा, मानेपेक्षा डोकं बारीक असलेला माणूस. आल्या आल्या त्याने व्हेपमध्ये भरायच्या लिक्विडची बाटली काउंटरवर आपटली.

"हे तुझं पाणी परत घे, लोरेन. दिवसभर चोखतोय, काही होत नाही. काल पेट्रोलपंपावर पाकीट घेतलं मी. पुन्हा सिगारेट! बायकोने घराबाहेर काढलं."

"तिचं बरोबरच आहे. कुठलं घेतलंस हे? मी तुला वीसचं दिलं होतं."

"वीसचं कुठे? खोक्यावर दोन टक्के लिहिलं होतं. मग मी म्हटलं, दोन कशाला, तीनचं घ्यावं. रस्त्यावरच्या दुकानातून तीनचं आणलं. जास्तच घेतलं ना?"

लोरेनने डोळे मिटून घेतले. अकरा वर्षांत हा प्रश्न तिला निदान हजार लोकांनी विचारला असेल, आणि हजारांनाही आपणच पहिले आहोत असं वाटलं असेल.

"अरे बैला, दोन टक्के म्हणजेच वीस. एका मिलिलिटरमागे वीस मिलिग्रॅम निकोटीन. कायद्याने याच्या वर विकताच येत नाही. आणि तू आणलंस ते तीन मिलिग्रॅम, टक्के नव्हेत. सातपट हलकं आणलंस, आणि वर बोंबलतोयस."

"आणि लिक्विड भरायचा पॉड मोठा घेतला तर?"

"कप मोठा घेतला म्हणून चहा कडक होतो का? तुझ्या पॉडमध्ये दोन मिलिलिटर मावतं. वीसचं भरलंस तर आत सगळं मिळून चाळीस. पण तुझ्या घशाला कळतो तो कडकपणा, कप नाही कळत." तिने मागच्या फळीवरून वीसची बाटली काढली. "ऐक. घाई करायची नाही. दोन-तीन महिने वीसवरच राहा. मग दहा, मग पाच. आणि खाली उतरल्यावर दिवसभर पॉड तोंडातून निघेनासा झाला, तर समजायचं की फार लवकर उतरलो. मुकाट्याने एक पायरी वर यायचं. त्यात लाज कसली? हलकं ओढून सिगारेटकडे पळण्यापेक्षा कडक ओढून घरात राहिलेलं बरं."

"तू डॉक्टर व्हायला हवी होतीस, बाई."

"डॉक्टरांना बसायला खुर्ची असते. चल, निघ."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कारण घरी ही बाई काय करत होती, ते ऐकाल तर कपाळावर हात माराल.

तिचा नवरा डेस्मंड, म्हणजे डेस, बेचाळीस वर्षं गोदीत मासे कापत होता. त्याच्या फुप्फुसांचा खुळखुळा झाला होता. नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उजव्या फुप्फुसाचा निकामी झालेला तुकडा काढला तर हा माणूस पुन्हा जिना चढू शकेल. पण त्याआधी निदान सहा महिने आणि पुढे नंबर लागेपर्यंत सिगारेटला हात लावलेला चालणार नाही; लावला की यादीतून नाव गेलं. डेसने गेल्या नोव्हेंबरात सिगारेट सोडली. लोरेनने त्याला भरता येणारा पॉड आणून दिला आणि वीसचं लिक्विड. आणि आश्चर्य म्हणजे तो टिकला. पन्नास वर्षांची सवय, पण टिकला. श्वासाच्या पंपातल्या औषधाने त्याचे हात थरथरायचे, पॉडच्या बारक्या भोकात बाटलीचं टोक जायचं नाही, म्हणून रोज सकाळी कामावर जाण्याआधी लोरेनच त्याचे पॉड भरून ठेवायची.

इथेच तिची बुद्धी फिरली. शस्त्रक्रियेनंतर आठ-दहा दिवस त्याला काहीच ओढता येणार नाही, तलफेने हा भिंती खरवडेल, खोकेल, टाके तुटतील, असं तिच्या मनाने घेतलं. जानेवारीत तिने सरळ विचारलं, "डेस, जरा खाली येऊ या का? दहावर?" तो म्हणाला, "एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. माझं जे चाललंय त्याला हात लावू नकोस." एवढं स्पष्ट सांगितलं होतं त्याने. मग तिने हात लावला, पण त्याला न सांगता. वीसच्या बाटलीत अर्धं दहाचं मिसळलं. फेब्रुवारीत नुसतं दहाचं. मार्चमध्ये पाचचं. एप्रिलात ईस्टरनंतर त्या बाटलीत निकोटीनचा थेंबही उरला नव्हता. लेबल तेच, वीसचं. आत नुसतं पुदिन्याच्या वासाचं गोड पाणी.

आणि तिला अभिमान वाटत होता हो! डेस दिवसाला एका पॉडवरून तीनवर गेला होता. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर ती काउंटरवरून ओरडली असती, "अरे, वर ये, वर ये!" पण स्वतःच्या स्वयंपाकघरात तिला फक्त आकडा खाली जाताना दिसत होता. माणूस कुठे चाललाय, हे दिसत नव्हतं.

तसा डेस अलीकडे फार गुणी झाला होता. पाण्याचा मुख्य नळ कुठे बंद होतो ते त्याने तिला दाखवलं. बॉयलरचं बटण समजावलं. भाजीच्या वाफ्यातली कांदापातीसारख्या लीकची रोपं त्याने शेजारच्या नेव्हिलला देऊन टाकली. लोरेनला वाटलं, शस्त्रक्रियेची तयारी करतोय बिचारा, शहाणपण आलंय.

त्याच मंगळवारी दुपारी तिने अर्धी सुट्टी घेतली आणि दोघं दवाखान्यात गेली. दर महिन्याला तिथे फुंकायचं असायचं. नर्स फिलिपाच्या हातात एक छोटं यंत्र असे. दम रोखून त्यात फुंकलं की सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड छातीत गेला होता की नाही, ते आकड्यात दिसे. व्हेपने तो आकडा हलत नाही. सहाच्या खाली असला की पास. डेसचे आजवरचे आकडे दोन, एक, दोन असे होते.

डेसने फुंकलं. फिलिपाने आकडा पाहिला. चौदा. यंत्र पुसलं आणि म्हणाली, "पुन्हा एकदा फुंका, डेस्मंड."

पुन्हा चौदा.

"घरात कुणी ओढतं का? शेगडी बिघडली आहे का?"

"नाही," डेस म्हणाला. "मीच ओढली. आज सकाळी."

लोरेनला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. फिलिपाने पेन उचललं. बाई चांगली होती. "हे मला लिहावं लागेल," ती म्हणाली. "पण मी चार आठवड्यांनी पुन्हा बोलावते. तेव्हा सहाच्या खाली आलं तर मी इस्पितळाशी बोलेन. नाही आलं तर माझ्या हातात काही नाही."

घरी पोचल्यावर लोरेनने कोटसुद्धा काढला नाही.

"कुणी दिली? नेव्हिलने? त्या मेल्याला मी उद्या बघते! साडेसहा महिने, डेस! साडेसहा महिने काढलेस, आणि आता माती खाल्लीस? जिना चढायचाय ना तुला? की असंच खालच्या सोफ्यावर मरायचंय?"

"ओरडू नकोस," डेस म्हणाला. तो खुर्चीत बसून दम गोळा करत होता. "मरायचंच होतं, असं मला वाटलं."

"काय?"

"माझ्या बापाला तंबाखू लागेनाशी झाली होती, आठवतंय तुला? गुरुवारी म्हणाला, हिला चव नाही, ने ही पुडी. रविवारी गेला. गोदीवरची सगळी म्हातारी माणसं हेच सांगायची. ज्याला स्वतःची तंबाखू लागत नाही, त्याच्या शवपेटीचं माप घ्या." त्याने खिशातला पॉड काढून टेबलावर ठेवला. "महिनाभर मला हे लागत नाहीये. आधी घशाला लागायचं, डोकं जागेवर यायचं. आता दिवसभर ओढतो आणि काही नाही. झोप नाही. हातपाय तोडल्यासारखे. मी म्हटलं, आलं. संपलं. तुला काय सांगू? तू दिवसभर उभी राहून येतेस. म्हणून नळ दाखवला, बॉयलर दाखवला."

लोरेन कोट घालूनच खुर्चीवर बसली.

"मग शनिवारी नेव्हिलकडून एक घेतली," डेस म्हणाला. "शेडमध्ये जाऊन पेटवली. नुसतं बघायला. आणि लोरेन, ती लागली! असं गरगरलं डोकं! मी तिथे कुंड्यांमध्ये बसून पोरासारखा रडलो. म्हटलं, आहे. आहे अजून मी. मग रविवारी एक, काल एक, आज एक. रोज सकाळी बघायचं, आहे ना अजून."

तिला वाटलं गप्प बसावं. गप्प बसणं सोपं होतं. उद्यापासून बाटलीत खरं वीसचं भरलं असतं, पॉड पुन्हा लागला असता, डेसला वाटलं असतं प्रकृती सुधारली. कुणाला कधी कळलं नसतं. पण तिच्याच्याने ते होईना. एवढा थकवा आला होता तिला की खोटं बोलायलाही अंगात जोर उरला नव्हता.

"त्यात काही नाहीये, डेस," ती म्हणाली.

"कशात?"

"पॉडमध्ये. निकोटीन नाहीये. ईस्टरपासून शून्य आहे. जानेवारीपासून मी कमी करत आणलं. इस्पितळात तुला त्रास होऊ नये म्हणून. तुझ्या चांगल्यासाठी केलं रे. मला वाटलं, तुला कळायच्या आत सुटेल." तिने टेबलावरची बाटली त्याच्यापुढे सरकवली. "तुला काही झालेलं नाही. म्हणजे आधी होतं तेवढंच झालंय. चूक माझी आहे. सगळी माझी."

डेस शिव्या देईल असं तिला वाटलं होतं. त्याच्या शिव्या गोदीवरच्या होत्या, झणझणीत. पण त्याने बाटली उचलली, लेबलवरचा आकडा अंगठ्याने चोळून पाहिला आणि खाली ठेवली. "मी नाही म्हणालो होतो," तो एवढंच म्हणाला. मग टीव्ही लावला.

तिने वीसची नवी बाटली आणली, त्याच्यासमोर सील फोडलं, त्याच्यासमोर पॉड भरला. त्याने दोन झुरके घेतले. तिसऱ्याला त्याचे खांदे खाली आले, चेहरा सैल झाला. लागलं होतं. लोरेनला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

सकाळी तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि बशीत चार गोळ्या. डेसने चष्मा चढवला. कपाटाशी जाऊन, मध्ये एकदा दम खायला थांबून, तो औषधांची खोकी घेऊन आला. एकेक गोळी पट्टीतल्या गोळीशी लावून पाहिली. रंग, आकार, वर कोरलेली अक्षरं. रागात काही करत नव्हता तो. नवीन दुकानात सामान तपासून घ्यावं, तसं तपासत होता.

"या खऱ्या आहेत ना?"

"खऱ्या आहेत, डेस."

त्याने एक गोळी गिळली. चहाचा घोट घेतला. मग कप खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"मार्चमध्ये इस्पितळातून डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा मी वाफ्यावर होतो. तू बोललीस. शंभरातले नव्वद बरे होतात, असं ते म्हणाल्याचं तू मला सांगितलंस."

"हो."

"नव्वदच म्हणाले होते ना? की तेही तू माझ्या चांगल्यासाठी थोडं इकडेतिकडे केलंस?"

"नव्वदच म्हणाले," लोरेन म्हणाली. आणि ते अगदी खरं होतं. पण बोलताना तिला स्वतःचाच आवाज खोटा वाटला. तिने बरंच काही शोधून पाहिलं, शपथ, एखादा साक्षीदार, कुठे लिहून ठेवलेला कागद. काहीच सापडेना. "डॉक्टरांना फोन लाव," ती शेवटी म्हणाली. "त्यांनाच विचार."

"विचारणार आहे," डेस म्हणाला, आणि दुसरी गोळी उजेडात धरून पाहू लागला.