ओला, सुका आणि आमचे साडू

भाईंदर पूर्वेला इंद्रलोकात राहणाऱ्या यच्चयावत माणसांत, झाडाचं पान पडलं आणि कोणी उचललं नाही म्हणून ज्याचं जेवण अर्धवट राहतं असा एकच गृहस्थ मी पाहिला आहे, आणि तो माझा साडू आहे. साडू हे नातंच मोठं चमत्कारिक. दोन बहिणींनी आपापसात ठरवलेली जवळीक दोन अनोळखी पुरुषांनी जन्मभर निभवायची. आमच्या बायकांना एकाच सोसायटीत राहायचं होतं, म्हणून आम्ही दोघं एकाच मजल्यावर समोरासमोर आलो. मी त्यांना भाऊ म्हणतो आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीला, ताई. ते मला नुसतं 'अहो' म्हणतात. एवढ्या वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. बहुधा माझं नाव कुठल्या खणात टाकायचं हे त्यांचं अजून ठरलं नसावं.

खण म्हणण्याचं कारण असं, की भाऊंनी सगळी नोकरी टपालखात्यात पत्रांची वर्गवारी करण्यात काढली. समोर पत्रांचा ढीग, मागे भिंतभर खण, आणि प्रत्येक पत्र आपापल्या खणात. निवृत्त झाले तेव्हा खात्याने खण ठेवून घेतले, सवय मात्र त्यांच्याबरोबर घरी पाठवली. त्यांच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा लांबी-रुंदीप्रमाणे घडी घालून ठेवलेल्या असतात आणि ताईंनी एखादी चुकीच्या गठ्ठ्यात ठेवली तर भाऊ ती न बोलता काढून योग्य जागी ठेवतात आणि मग दिवसभर न बोलता राहतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला पाहुण्यांचं स्वागत त्यांच्याकडे दिलं होतं. त्यांनी दारातच प्रत्येकाला विचारलं, "आपण पूर्व की पश्चिम?" लोकही बिचारे खरं सांगून त्या त्या बाजूला निमूट बसले. जावयाचे काका-काकू संपूर्ण कार्यक्रमभर हॉलच्या दोन टोकांना होते, कारण काकूंनी गडबडीत माहेरचा पत्ता सांगितला. जेवणाच्या वेळी ते भेटले तेव्हा काका म्हणाले, "छान व्यवस्था आहे हो."

अशा माणसाच्या वाट्याला देशी बदामाची तीन झाडं यावीत हा योगच म्हणायचा. आमच्या कंपाउंडच्या कडेला ती उभी आहेत. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेतल्या चित्रापेक्षा प्रत्यक्षात मोठी झालेली, अख्ख्या सोसायटीत, तेवढी एकच गोष्ट. थंडी सरत आली की त्यांची पानं लाल होतात, आणि मग पडायला लागतात. बदामाचं पान म्हणजे काही नाजूक प्रकरण नव्हे. स्कूटरच्या सीटवर पडलं तर सीट दिसत नाही, डोक्यावर पडलं तर माणूस वर बघून "कोण आहे रे?" म्हणतो. झाडूवाली बाई झाडून गोण्या भरायची, आणि पंधरा दिवसांत गेटापाशी गोण्यांची भिंत उभी राहायची, कारण त्या कोणी नेतच नसे.

सकाळी येते ती ओल्या कचऱ्याची गाडी. भाऊ स्वतः पहिली गोणी घेऊन पुढे झाले. गाडीवाला म्हणाला, "अंकल, ये पत्ता सूखे की गाडी में दो." दोन दिवसांनी सुक्याची आली. तिच्यावरचा म्हणाला, "सूखा मतलब प्लास्टिक, कागज, पुठ्ठा. पत्ता तो गार्डन का हुआ." भाऊंचं हिंदी म्हणजे शासकीय मराठीला 'है' जोडलेलं. ते म्हणाले, "महोदय, ये पान परवा का पडा हुआ और पूर्णतः वाळा हुआ है. आप हात लावून बघिये." महोदयांनी हात न लावता गाडी पुढे घेतली. मग भाऊंनी बागेच्या खात्याला फोन केला. तिथून उत्तर आलं की त्यांची गाडी फक्त खात्याने छाटलेल्या फांद्या उचलते.

"तुमची पानं आम्ही छाटलेली नाहीत," पलीकडचा माणूस म्हणाला.

"ती आपणहून पडली आहेत," भाऊ म्हणाले.

"मग त्याला आम्ही काय करणार?"

त्या संध्याकाळी भाऊ माझ्याकडे येऊन बसले. चहा गार झाला तरी हात लावेनात. शेवटी म्हणाले, "अहो, जन्मभर पत्तेच वाचले मी. निम्मा पुसलेला पत्ता असला तरी पत्र पोचवत होतो. आणि इथे हा एवढा पत्ता गोणीत भरून तयार आहे, तर तो घ्यायलाच कोणी नाही!"

त्यानंतर तक्रारींचं पर्व सुरू झालं. मोबाइलवर तक्रार नोंदवता येते हे त्यांना कळलं आणि ताईंना नवऱ्याचा चेहरा दिसेनासा झाला. पहिल्या तक्रारीला चार दिवसांत उत्तर आलं, 'निकाली काढण्यात आली', आणि सोबत स्वच्छ गेटाचा फोटो. फक्त त्या गेटाच्या दोन बाजूंना सिमेंटचे दोन हत्ती होते. आमच्या गेटाला धड बिजागरी नाही. भाऊंनी लगेच लिहून पाठवलं, 'छायाचित्रातील हत्तींचा व आमचा परिचय नाही. तरी प्रकरण पुन्हा उघडावे.' ते उघडलं आणि पुन्हा निकाली निघालं, हत्तींसकट.

मग एक दिवस भाऊ रिक्षाने एक गोणी घेऊन थेट वॉर्ड ऑफिसात गेले. मला सोबत नेलं होतं. गोणी मांडीवर माझ्या होती. आत बसलेला अधिकारी सर्दीने हैराण झालेला, चाळिशीचा, चेहऱ्यावरून सज्जन. भाऊंनी त्याच्या टेबलावर तीन पानं मांडली. एक आजचं, एक तीन दिवसांपूर्वीचं, एक आठवड्याचं. "साहेब, यातलं ओलं कुठलं आणि सुकं कुठलं तेवढं सांगा."

साहेबांनी पहिलं पान हातात घेतलं, "हे ओलं." तिसरं घेतलं, "हे सुकं." मधल्यापाशी ते थबकले. उलटं केलं, वाकवून पाहिलं, त्यावर शिंकले. मग म्हणाले, "हे जरा दोन्हीत बसतंय हो काका."

"लेखी द्या," भाऊ म्हणाले.

लेखी मिळालं नाही, चहा मिळाला. निघताना तो अधिकारी म्हणाला, "काका, तुमचं खरंय. फांद्यांची गाडी एकच आहे, ती कुठे कुठे पुरणार? पण पानांसाठी वेगळी गाडी द्या असं मी वर लिहितो." बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "माणूस चांगला आहे. चुकीच्या खणात पडलाय."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर ती सकाळ आली. गोण्यांनी पार्किंगच्या दोन जागा अडल्या म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी वॉचमनला सांगितलं, थोडा पाला जाळून टाक. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पाला अर्धा ओला होता. तो पेटला नाही, नुसता धुमसत राहिला, आणि तो दाट पांढरा धूर जिन्यातून थेट आमच्या मजल्यावर आला. ताईंना दमा. मी दार उघडून धावलो तेव्हा त्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या होत्या आणि भाऊ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत, "घे, श्वास घे, हळू घे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. आम्ही त्यांना हॉस्पिटलात नेलं. तीन दिवस ऑक्सिजनवर होत्या.

त्या तीन दिवसांत भाऊंनी एकही तक्रार केली नाही. हॉस्पिटलच्या पंख्याचा आवाज येत होता, चादर आखूड होती, डॉक्टर सांगितल्या वेळेला एकदाही आले नाहीत. भाऊ स्टुलावर बसून राहिले. मला त्यांची एरवी कधी भीती वाटली नाही, तेव्हा वाटली.

ताई घरी आल्या आणि त्याच रविवारी सोसायटीची सभा भरली. सेक्रेटरींनी हात जोडून ताईंची माफी मागितली आणि मग उपाय मांडला. झाडंच काढून टाकू, रीतसर परवानगी मागू, कटकट कायमची जाईल. सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं, कारण एवढं सोसल्यावर पहिला हात त्यांचाच वर जाणार हे उघड होतं. भाऊ उभे राहिले. आवाज नेहमीसारखा चढला नव्हता.

"पत्रं वाढली म्हणून आम्ही कधी टपालपेटी तोडली नाही," ते म्हणाले. "वाटणारा माणूस शोधला. मला पंधरा दिवस द्या."

पंधरा दिवस मिळाले. त्यांतले बारा गेले तरी माणूस सापडेना. भाऊ हाटकेशपर्यंतच्या रोपवाटिका पालथ्या घालून आले; कोणाला दोन गोण्या हव्या होत्या, आमच्याकडे साठ होत्या. तेराव्या दिवशी ताई बऱ्याच दिवसांनी हळूहळू जिना उतरून खाली गेल्या, आमच्या गेटाबाहेर उत्तनची एक ख्रिस्ती मावशी आपल्या मळ्यातली भाजी घेऊन बसते तिच्याकडून वांगी घ्यायला. मावशीने गोण्यांच्या भिंतीकडे बोट केलं. "याचा काय करता तुमी?"

"काही नाही गं. त्यापायीच तर मरत होते मी."

"मंग मना दे ना! माज्या वाडीन खड्डा हाय, खत व्हतं. भाजी उतरली का टेम्पो तं परत खालीच जातंय."

ताई वांग्यांबरोबर हा निरोप घेऊन वर आल्या. भाऊ चप्पल न घालता खाली धावले आणि धापा टाकत त्यांनी विचारलं, "मावशी, ओली हवीत की सुकी?"

मावशीने त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "पाना ती पाना. सगली दे."

"सगळी?" भाऊ म्हणाले. तो शब्द त्यांनी कुठल्याही खिडकीवर कधी ऐकला नव्हता. दोन फेऱ्यांत भिंत गेली. तरीही टेम्पोत चढवण्याआधी प्रत्येक गोणीवर त्यांनी खडूने लिहिलंच, 'ओली', 'सुकी', आणि मधल्यांवर 'विचाराधीन'.

झाडं राहिली. आणि पुढच्या मोसमात, मंगळवारी सकाळी, एक हिरवी गाडी गेटापाशी येऊन उभी राहिली. खास पानांसाठी. त्या सर्दीवाल्या साहेबांनी खरंच वर लिहिलं होतं आणि वरच्यांनी खरंच वाचलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "पाला कुठाय?" आमच्याकडे एक पान नव्हतं, सगळं उत्तनला गेलेलं. गाडी रिकामी परतली तर पुन्हा येणार नाही या धास्तीने भाऊंनी झाडूवालीच्या टोपलीतून कसाबसा अर्धा पसा पाला आणून सन्मानाने गाडीत ठेवला, आणि मावशीकडे जाऊन दर मंगळवारपुरत्या दोन गोण्या मागे ठेवण्याची विनवणी केली. ती म्हणाली, "अवं, तूच रडत व्हता ना, कोन नेत न्हाय म्हनून?"

गेल्या वर्षी भाऊ आणि ताई मुलाकडे पनवेलला राहायला गेले. बाविसावा मजला, ताईंच्या छातीला हवा चांगली. परवा मी आणि बायको भेटायला गेलो. ताई टवटवीत दिसत होत्या. भाऊ बाल्कनीत बसले होते. तिथून खाली झाडं दिसतात, पण पोपटी ठिपक्यांसारखी. मी विचारलं, "कसं काय इथे?"

"सगळं वेळेवर होतं," भाऊ म्हणाले, आणि एखादं दुखणं सांगावं तसा त्यांचा आवाज उतरला. "सहा तऱ्हेचे डबे आहेत. माणसं येतात, घेऊन जातात. फोन केला तर उचलतात हो." मग थोड्या वेळाने, "आपल्याकडची गाडी?"

गाडी दर मंगळवारी येते. एकदाही चुकलेली नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं, मनातल्या मनात त्या ड्रायव्हरची क्षमा मागितली, आणि म्हणालो, "या मंगळवारी आलीच नाही, भाऊ."

भाऊ खुर्चीत ताठ झाले. "नाही आली म्हणजे? आणि तुम्ही सगळे काय बघत बसलात?"

आत ताई माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "ऐक. किती महिन्यांनी आवाज चढलाय गं यांचा."